दाणा जाळून बघणाऱ्या माणसास

अहो, तुमच्या फोटोला नमस्कार करायला जो जो आला, तो तुमच्या नाकाबद्दल बोलून गेला. एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की वहिनी, शेवटी फार त्रास झाला का हो? "काय नाक होतं!" हेच ज्याच्या त्याच्या तोंडी. एकाने तर चहाचा कप बशीत ठेवता ठेवता सांगितलं, की वसई पूर्वेच्या गाळ्यांमध्ये असा माणूस पुन्हा होणे नाही. लायटर पेटवायचा, प्लास्टिकचा दाणा जाळायचा, एकदा हुंगायचा, की दाण्याच्या सात पिढ्या हातात. तुमच्या आईंना ऐकून भरून येत होतं. मला मात्र उठून सगळ्यांच्या हातातले कप काढून घ्यावेसे वाटत होते.

मला राग आलाय. आधीच सांगते, म्हणजे ही रडतेय असं तुम्हाला वाटायला नको. रडून झालं. गेलेल्या माणसाला वाईट बोलू नये म्हणतात. मग होतात तेव्हा तरी कुठे बोलू देत होतात? मी तोंड उघडलं, की तुम्ही मशीन चालू करायचात. आता मशीन बंद आहे आणि तुम्ही भिंतीवर आहात, तेव्हा निमूट ऐकून घ्या.

तुमच्या घरात नाकाचं कौतुक जुनंच. सासरे राजेळी केळ्याच्या घडाला नाक लावून सांगायचे, हा परवा उतरवा, तो राहू दे. उमेळ्याची ती वाडी गेली, तिथे लिफ्टवाली इमारत आली, आणि तुम्ही तुमच्या वाटणीतून खेळण्यांच्या कारखान्यासाठी गाळा घेतलात. मी फुलपाड्याची, कोकणातून आलेल्या नोकरदाराची मुलगी. आमच्याकडे प्लास्टिक म्हणजे बादली, डबा आणि सोफ्यावरचं कव्हर. तुम्ही मला पहिल्यांदा गाळ्यावर नेलंत तेव्हा खुर्ची नाही दिलीत, हातात लाल ठोकळा दिलात. मुलं एकावर एक बसवून घर करतात, तो. दुसरा त्याच्यावर दाबायला लावलात. टक्. "आता काढ," म्हणालात. मला जोर लावावा लागला. "याला पकड म्हणतात," तुम्ही म्हणालात. "पोरानं घर उचललं तर पडता कामा नये, आणि त्याच पोराला ते मोडताही आलं पाहिजे."

मग आणखी दोन ठोकळे काढलेत. एक पी.पी.चा, डब्याच्या झाकणाचं असतं ते प्लास्टिक. तो आवाज न करता बसला आणि सैल चपलेसारखा निघाला. दुसरा स्टायरिनचा. तो काचेसारखा चकचकीत, टक् तर पहिल्यापेक्षा खणखणीत. तुम्ही तो फरशीवर टाकलात आणि त्याचा कोपरा उडाला. "आणि आपला हा ए.बी.एस.," म्हणून तुम्ही लाल ठोकळा आपटलात, एकदा, दोनदा, चांगला भिंतीवर. काही झालं नाही. "याच्या आत रबर असतं, मुरलेलं. दिसत नाही. म्हणून मार खातो आणि फुटत नाही. नवरा-बायकोतही थोडं रबर पाहिजे बघ." मी किती हसले होते! नवी नवरी, काय कळतंय? पुढे कळलं, की घरातलं सगळं रबर माझ्याच वाट्याला येणार आहे.

पण शिकवलंत, हे मी नाकारत नाही. ठोकळे ए.बी.एस.चे, खिडक्यांच्या पारदर्शक काचा पॉलिकार्बोनेटच्या, वाकणारी झाडं-पानं पॉलिथिनची, गाडीची चाकं रबराची. एका खोक्यात एवढं गोत. साच्यातून, म्हणजे डायमधून, निघालेल्या ठोकळ्यांना चिकटलेल्या काड्या, ते रनर, कापायला आणि ठोकळे बसवून बघायला मी बसायचे, आणि माझ्या अंगठ्याला इतकी सवय झाली, की डोळे मिटून मी सांगायचे, डाय झिजली हो, पकड ढिली झाली. तुम्ही तपासायचात आणि ते खरं निघायचं. त्या दिवशी तुम्ही सगळ्यांदेखत म्हणायचात, "बायकोचा अंगठा आणि माझं नाक, यांवर हा गाळा चालतो." मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

तुमच्या नाकाचं कारण मलाही पटायचं. पोत्यावर ए.बी.एस. छापलेलं असतं आणि आत देव जाणे काय भरलेलं असतं. पाण्यात टाकला तर पी.पी. तरंगतो, तो चोर लगेच सापडतो. पण ए.बी.एस. आणि स्टायरिन दोन्ही बुडतात, दोन्ही काळा धूर सोडून जळतात, दोन्हींची काजळी हवेत तरंगते. फरक फक्त वासात. पी.पी. विझवलेल्या मेणबत्तीचा, नायलॉन जळक्या केसांचा, स्टायरिन झेंडूचा, आणि ए.बी.एस. कडू, मागून जळकं रबर. झेंडू आला, की तुम्ही दाणेवाल्याला म्हणायचात, "अरे, हा तर दसरा आहे, घेऊन जा परत." अख्खा गाळा हसायचा.

आणि मग लोक यायला लागले. "अण्णा, जरा बघा ना," म्हणत कोणी बाटलीचं झाकण आणतोय, कोणी गाडीचा तुटका बंपर, कोणी मूठभर काळा दाणा. तुम्ही पानावरून उठायचात. उष्ट्या हाताने लायटर! मी म्हणायचे, सॅम्पल लॅबला पाठवायला सांगा त्यांना. "लॅबचा रिपोर्ट येईस्तोवर मशीन काय भजन करील?" मी म्हणायचे, निदान मास्क लावा. "मास्क लावून वास घेऊ? चष्मा काढून पेपर वाचू?" सगळे हसले, म्हणजे तुम्ही जिंकलात. शेवटी माझ्या कटकटीला कंटाळून एग्झॉस्ट फॅन बसवलात, आणि धूर पळून जातो म्हणून दाणा जाळताना तो बंद करायला लागलात. काय बोलायचं अशा माणसाला!

आपलं ते रबराचं भांडण तर अर्धंच राहिलं. चाकं इनासभाऊंकडून यायची. भुईगावचे इनासभाऊ, शेजारच्या गाळ्यात रबर दाबून चाकं आणि वायसर करतात. मी म्हणत होते, चपलांच्या तळव्याला वापरतात तो टी.पी.आर.चा दाणा घेऊ. रबरासारखाच मऊ आणि आपल्याच मशीनवर वितळतो. पोरं चाकं तोंडात घालतात, त्या शिजवलेल्या रबराला गंधकाचा वास येतो. तुम्ही म्हणायचात, "आणि इनासनं काय करायचं?" मी म्हणायचे, धंदा आहे की धर्मशाळा? बोलाचाली व्हायची, तुम्ही पाठ फिरवायचात. मग तुम्हाला जिना चढवेना, तेव्हा रोज सकाळी प्रार्थना झाली की इनासभाऊच गाडी घेऊन दारात. त्यांनीच तुम्हाला उचलून बसवलं, हॉस्पिटलात रांगेत तेच उभे राहिले. त्या भांडणात तुमचं बरोबर होतं. हे मी कबूल करतेय, पण बाकीच्याचं काय?

बाकीच्याचं ऐका. मोठ्या डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं, काम काय करता? आणि तुम्ही, धाप लागत असताना, ऐटीत सांगितलंत, "लहान मुलांची खेळणी बनवतो." डॉक्टर हसले. मी म्हटलं, अहो, धुराचं सांगा की! तुम्ही माझ्यावर डोळे वटारलेत. मीच सांगितलं मग, की हे प्लास्टिक जाळून हुंगतात. डॉक्टरांचं हसू गेलं. फुप्फुसं चिवट झाली आहेत, फुगत नाहीत, म्हणाले. कशामुळे ते नक्की सांगता येणार नाही, पण धूर ताबडतोब बंद. "केव्हाच बंद केलाय," तुम्ही म्हणालात. डॉक्टरांसमोर, माझ्यासमोर, धडधडीत. तुम्हाला सरळ नाकासमोर चालणारा माणूस म्हणत होते लोक!

तरीही, एवढंच असतं तर मी रागावून, रडून मोकळी झाले असते. हट्टी माणूस, गेला आपल्या हट्टानं. असे नवरे घरोघरी असतात.

तेरावं झालं आणि आम्ही गाळा उघडला. मी फरशी झाडत होते. इनासभाऊ आले, सवयीने हातात एक तुकडा घेऊन, आणि तुमच्या खुर्चीकडे बघून एकदम ओशाळले. "चुकलो, वहिनी," म्हणाले. तेवढ्यात आपली लेक सायली पुढे झाली. तिने तो तुकडा घेतला, पक्कडीत धरला, लायटर लावला, फुंकर मारून ज्योत विझवली आणि त्या धुरात मान घातली. अगदी तुमच्यासारखी. डोळे मिटून, मान जरा डावीकडे. बिचकणं नाही, खोकणं नाही. "एच.आय. स्टायरिन आहे, अंकल, रबर मिसळलेलं," म्हणाली.

मी तिच्या हातावर फटका मारला. एवढ्या मोठ्या मुलीच्या हातावर! पक्कड फरशीवर पडली. "हे कुणी शिकवलं तुला?"

"शिकवायचं काय त्यात?" सायली म्हणाली. "इतकी वर्षं मीच तर सांगतेय."

"काय सांगतेस?"

"बाबांना वास येत नव्हता, आई. कोरोनात गेला तो परत आलाच नाही. सगळ्यांचा आला, त्यांचा नाही."

इनासभाऊंनी खाली वाकून पक्कड उचलली.

मग तिने सगळं सांगितलं. तुम्ही दाणा जाळायचात, आधी स्वतः हुंगायचात, मग तो धूर हळूच तिच्याकडे सरकवायचात. ए.बी.एस. असला तर ती तुमच्या कोपराला हात लावायची. नसला तर नुसती उभी राहायची, बाकीचं तुम्ही ज्योत आणि धूर बघून ताडायचात. मग तुम्ही मान हलवून निकाल द्यायचात आणि लोक म्हणायचे, वा अण्णा! बाप-लेकीचं किती गूळपीठ म्हणून मी लांबून कौतुक करत होते. अंधेरीची नोकरी तिने धरली नाही, घरचा धंदा आवडतो म्हणाली, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती हो!

आणि मला काहीच कळलं नाही, कारण तुम्ही कळू दिलं नाहीत. वरण करपलं तरी तुम्ही गुपचूप जेवायला लागलात. आधी बोंबील जरा जास्त भाजला तर घर डोक्यावर घेणारा माणूस! मला वाटलं, वयानं निवळला. सोनचाफा आणायचात ना माझ्यासाठी, तो पुढे पुढे काळा पडलेला, वास मेलेला आणायला लागलात. मला वाटलं, आता आपल्याकडे लक्ष नाही राहिलं यांचं. तेव्हा सांगितलं असतंत, सुनंदा, मला वास येत नाही गं, तर मी काय गावात दवंडी पिटणार होते?

फुलपाड्याची ती बाई आठवते? ठोकळ्याचा कोपरा तुटून पोराच्या ओठाला लागला म्हणून तणतणत गाळ्यावर आली होती, माझ्या माहेरच्या गल्लीतली. सगळा लॉट स्टायरिनचा निघाला. तुम्ही दाणेवाल्याला उभा-आडवा घेतलात. चोराच्या उलट्या बोंबा! तो बिचारा म्हणत होता, अण्णा, तुम्हीच तर हुंगून घेतलात. सायली त्या दिवशी परीक्षेला गेली होती, हे मला आता कळतंय. कारखान्याच्या मालकाला वास येत नाही हे जगाला कळू नये म्हणून तुम्ही एका सरळ माणसाला चोर ठरवलंत, आणि दुसऱ्या दिवसापासून पोरीला धुरासमोर कायमची उभी केलीत.

"एकदा सांगायचं ना मला," मी सायलीला म्हटलं.

"त्यांनी शपथ घातली होती," ती म्हणाली. आणि मग हळूच, "रोज म्हणायचे गं, आज थोडा आला बहुतेक. आज झेंडू आल्यासारखा वाटला. आणखी जवळ घ्यायचे मग. मी म्हणायची, बाबा, नका ना. तर म्हणायचे, थांब, आला आला..."

तेव्हा मात्र मला रडू आलं. तुमची कीव आली. येत नसलेला वास शोधत तुम्ही तो सगळा धूर पीत राहिलात, आणि एवढ्या वर्षांत माझ्यापाशी एकदा येऊन रडला नाहीत. पण ती कीव सकाळपर्यंतच टिकली. सकाळी सायली बेसिनपाशी घसा खाकरत होती. आधी ती खाकरत नसे. मी विचारलं, तर म्हणाली, "सवय आहे गं." हेच तुमचं वाक्य होतं, अगदी सुरुवातीचं.

मग शोकसभा झाली, गाळेवाल्यांनी ठेवलेली. तुमचा मोठा बॅनर, खाली खुर्च्या, समोशाची खोकी. अध्यक्ष बोलले, आणखी दोघं बोलले, नाक, नाक आणि नाक. इनासभाऊ कौतुकानं कुणापाशी तरी सायलीच्या नाकाचं बोलले असणार, भोळा माणूस. कारण अध्यक्ष परत माइकवर आले आणि म्हणाले, "दुःखात एक समाधान आहे. अण्णा गेले, पण अण्णांचं नाक घरातच आहे. आपली सायली! उद्यापासून आपण हक्कानं तिच्याकडेच जायचं." टाळ्या पडल्या, शोकसभेत! आणि आपली पोरगी उठून उभी राहिली, हात जोडून. तिचा चेहरा इतका फुलला होता, की मला धडकी भरली. तुम्ही गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती.

मी उठले. आमच्याकडच्या बायका अशा सभेत बोलत नाहीत, मागच्या रांगेत पदर धरून बसतात. मी माइक घेतला.

"ज्या नाकाचे तुम्ही गोडवे गाताय ना," मी म्हटलं, "ते कोरोनापासून बंद होतं. यांना वास येत नव्हता. यांनी तुम्हाला फसवलं, मलाही फसवलं. तुमचे दाणे माझी मुलगी हुंगत होती. आता ती हुंगणार नाही. ज्याला दाणा ओळखायचाय त्याने लॅबला पाठवावा. मशीन थांबत असेल तर थांबू दे. नाहीच जमलं, तर घरी जाऊन स्वतःच्या पोराच्या हातात लायटर द्यावा. माझ्या दारात तुकडा घेऊन कोणी आला, तर मी त्याच्याच अंगावर फेकीन."

तुमच्या आई ओरडल्या, "अगं, काय बोलते ही! मेल्या मानसाची अब्रू काढते? झाकली मूठ होती, कोनी सांगितलं होतं उघडायला?"

एकाने समोसा हळूच परत खोक्यात ठेवला. ज्यांनी तुम्हाला जेवता जेवता उठवलं होतं, ते सगळे चपला शोधायला लागले. तो दाणेवाला शेवटच्या रांगेत होता. जाताना माझ्यापाशी थांबला, नमस्कार करून गेला. इनासभाऊ म्हणाले, "वहिनी, चांगलं केलंत की वाईट, ते देवबाप जाणे." मी म्हटलं, त्यालाच विचारा मग.

सायली माझ्या पुढे पुढे चालत घरी आली. दार लावलं आणि म्हणाली, "तू बाबांना परत मारलंस."

"मारलं," मी म्हटलं.

"माझ्याकडे त्यांचं तेवढंच होतं, आई. तेवढंच दिलं होतं त्यांनी मला."

खरं होतं ते. तुम्ही तिला दुसरं काही दिलंत का? मला अंगठ्याचं कौतुक दिलंत, इनासभाऊंना धंदा दिलात, परक्यांना जेवणावरून उठून वेळ दिलात. तिला धूर दिलात, आणि वर सांगितलंत की हे आपल्या दोघांचंच. तिने तो जीव लावून घेतला. बापाचं आहे म्हटल्यावर पोरी विषही जपून ठेवतात. मी तिला जवळ घ्यायला गेले, तिने हात झटकला. बरोबर तुमच्यासारखा.

आज नवा माल आला. पोत्यावर ए.बी.एस. लिहिलंय. मी मूठभर दाणा पिशवीत भरला आणि लॅबला पाठवून दिला. रिपोर्ट येईपर्यंत डाय लावायची नाही, असं ऑपरेटरला सांगून त्याला घरी धाडलं. सकाळभर शेजारपाजारचे गाळे धडधडत होते, आपला एकटाच बंद. आता जेवणाच्या सुट्टीत ते सगळे थांबलेत, आणि या गाळ्यात इतकं शांत कधी नव्हतं. सायली समोरच बसली आहे. तोंड फुगवून मोबाइल बघतेय, माझ्याशी बोलत नाही. पुष्कळ दिवस बोलणार नाही, मी ओळखते तिला. तिचा श्वास मला इथपर्यंत ऐकू येतोय. आत जातोय, बाहेर येतोय, मध्ये कुठे अडकत नाही.

तुम्हाला राग आला असेल, तर येऊ दे.